कॅमेरा, स्थिर भिंगाचा सुटसुटीत

ज्या कॅमेऱ्याचे भिंग पेटीस कायमचे जोडलेले असते, ज्याचे चित्रक्षेत्र पेटीच्या मानाने मोठे असते आणि जो पायी प्रवासातही सहज बाळगता येतो, अशा कॅमेऱ्याचा विचार या नोंदीत केला आहे. भिंगाने पाडलेली प्रतिमा ज्या पृष्ठभागावर उमटते, त्यास चित्रक्षेत्र म्हणतात. पूर्वी हा पृष्ठभाग फिल्मचा असे. अंकीय कॅमेऱ्यात तो प्रकाशसंवेदकाचा असतो. चित्रक्षेत्र मोठे ठेवून कॅमेरा लहान करावयाचा, तर भिंगे बदलण्याची सोय बहुधा सोडावी लागते. ही देवघेव शंभर वर्षांहून जुनी आहे.

इतिहास : मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली (१८५४) तेव्हा काचपट्टी, रसायने व तिकाटणे यांचे ओझे बरोबर न्यावे लागे. ईस्टमन यांच्या कोडॅक पेटी-कॅमेऱ्याने (१८८८) गुंडाळी फिल्म प्रचारात आणली व हे ओझे हलके केले. त्यानंतर एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ (१९००) आणि घडी घालून खिशात ठेवता येणारा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ (१९१२) निघाला. या सर्वांची भिंगे स्थिर होती.

सामान्य माणसाला बाळगता येईल असे साधन नसले की काय घडते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात दिसते. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. पण धरण झाले आणि त्याच्या पाण्यावरील भिरा येथील वीजनिर्मिती केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. लढा सुरू झाला तेव्हा खिशातील कॅमेरा परदेशातून येणारी चैनीची वस्तू होती, तर ३५ मिमी. फिल्मचा लायका बाजारात यावयाचा होता. ज्यांची भातखाचरे, घरे व देवळे पाण्याखाली गेली, त्यांच्या हाती ती चित्रित करण्याचे साधन नव्हते.

जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी योजिलेला लायका लाइप्झिगच्या जत्रेत १९२५ मध्ये मांडला गेला. त्याचे चित्रक्षेत्र २४ × ३६ मिमी., म्हणजे सुमारे ८.६ चौ. सेंमी. होते. सुरुवातीस त्याचे भिंग स्थिरच होते. ते बदलण्याची सोय १९३० मध्ये झाली. रोलायफ्लेक्सने (१९२९) दुसरा मार्ग धरला. त्याची भिंगे स्थिर आणि चौकट ६ × ६ सेंमी.ची होती. मुंबईत शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी याच जातीच्या कॅमेऱ्याने पुष्कळ काम केले. भारतात सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला तो वडोदरा येथे तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’. त्याचे भिंग साधे होते. परंतु १२० मापाच्या फिल्मवर ६ × ६ सेंमी.ची बारा चित्रे मिळत आणि मोठे चित्रक्षेत्र भिंगाचे दोष पुष्कळसे झाकून टाकी. लग्नसमारंभांची व सहलींची अनेक घरगुती चित्रे अशाच कॅमेऱ्याने काढलेली आहेत.

अंकीय काळ : खिशात मावणाऱ्या बहुतेक अंकीय कॅमेऱ्यांचा संवेदक सुमारे ६ × ४.५ मिमी., म्हणजे ०.३ चौ. सेंमी.हूनही लहान असे. एपीएस-सी मापाच्या संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे ३.७ चौ. सेंमी., म्हणजे त्याच्या तेरापट असते. द्वारक-अंक व उद्भासन काल तेच ठेवल्यास मोठ्या संवेदकावर त्याच प्रमाणात अधिक प्रकाश गोळा होतो; त्यामुळे अंधुक उजेडातील चित्रात खरखर कमी येते. भिंग स्थिर असल्यास ते त्याच संवेदकासाठी आखता येते, त्याचा मागील भाग संवेदकाच्या अगदी जवळ नेता येतो आणि झडप भिंगातच बसविता येते. अशी झडप जवळजवळ निःशब्द असते.

सिग्मा डीपी१ (२००८), लायका एक्स१ (२००९) व फुजीफिल्म एक्स१०० (२०११) हे या प्रकारातील आरंभीचे कॅमेरे होत. सोनी आरएक्स१ने (२०१२) लायकाच्या जुन्या २४ × ३६ मिमी. क्षेत्राचा संवेदक स्वीकारला. पुढे रिको जीआर (२०१३) व लायका क्यू (२०१५) आले. याच दशकात मोबाइल दूरध्वनीने लहान संवेदकाचे कॅमेरे हटविले. स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यांची जागतिक रवानगी २०१० मध्ये १० कोटींहून अधिक होती. २०२० मध्ये ती ४० लाखांहून कमी झाली. मोठ्या संवेदकाचा प्रकार मात्र टिकून राहिला.

निवड : पहिला प्रश्न केंद्रांतराचा. २४ × ३६ मिमी. क्षेत्राच्या मानाने २८ मिमी. केंद्रांतराचे भिंग कर्णावर सुमारे ७५ अंशांचे दृश्य टिपते, तर ३५ मिमी.चे सुमारे ६३ अंशांचे. घराचा अंतर्भाग, अरुंद आळी व दरीचा विस्तार यांसाठी पहिले, तर माणसे व त्यांचे काम यांसाठी दुसरे अधिक सोयीचे असते. दूरचा पक्षी टिपावयाचा असेल, तर या प्रकाराचा उपयोग नाही. दुसरा प्रश्न द्वारकाचा : एफ/२ भिंग एफ/२.८ भिंगाच्या दुप्पट प्रकाश घेते; पण ते आकाराने मोठे होते. तिसरा प्रश्न हवामानाचा. ताम्हिणी घाटासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात पाण्यापासून संरक्षण असलेली बांधणी पाहावी. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. म्हणून कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. भिंग बदलावे लागत नसल्याने धूळ कमी शिरते. परंतु आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगातून ती गेलीच, तर संवेदक घरी साफ करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुळशी तालुक्याच्या एका टोकास आज हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत, तर दुसऱ्या टोकास ताम्हिणीचे अरण्य आहे. या दोहोंमधील गावांचे रूप झपाट्याने बदलत आहे. असा प्रदेश नोंदवून ठेवू पाहणाऱ्याने, केवळ पिक्सेलची संख्या न पाहता, दिवसभराच्या पायपिटीत जो कॅमेरा घरी ठेवावासा वाटणार नाही आणि घरातील मंद उजेडातही जो काम देईल, तो निवडणे श्रेयस्कर ठरते.