वर्गणीतून एव्हरेस्ट

आमच्या सर्जापूर रोडवरची आयटीतली मुलं नेपाळला ट्रेकला निघाली, की बूट कोणते घ्यायचे हे विचारायला माझ्याकडे येतात. पैशांचं कुणी विचारत नाही. एके काळी मोठ्या मोहिमेचं सगळं तिथेच अडायचं.

१९६५ साली लेफ्टनंट कमांडर कोहलींच्या मोहिमेतले ९ जण एव्हरेस्टवर पोहोचले. पाठीशी सरकार होतं, सैन्यदलं होती. आम्हा फौजींचं बरं असतं, रसद मागितली की येते. (वेळेवर येते असं म्हणत नाही!)

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांना ती दारोदार फिरून जमवावी लागली. त्यात सह्याद्रीत बर्फ नाही; सर्वांत उंच कळसूबाई, ती १६४६ मीटर. हात तयार झाले ते काळ्या कातळावर. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले, महाराष्ट्राचे पहिले. पुढे पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली लोकवर्गणी गोळा केली आणि २०१२ मध्ये एकाच मोहिमेतले ८ जण वर पोहोचवले. सैन्यातल्या माणसाला त्या ८ जणांपेक्षा वर्गणीच्या पावत्यांचंच अप्रूप जास्त. २०१९ मध्ये त्याच संस्थेचे १० जण ८५८६ मीटरच्या कांचनजुंगावर चढले.