पांढऱ्या हत्तीची बिऱ्हाडं

माझ्या कपाटात दोन टीम्सच्या वस्तू आहेत. पहिली वस्तू म्हणजे रायझिंग पुणे सुपरजायंटचा टी-शर्ट. 2017 ची आयपीएल फायनल, मुंबईचे 129, आपण 128 वर थांबलो. होस्टेलच्या टीव्हीसमोर मी तासभर तसाच बसून होतो. पुढच्या वर्षी टीमच नव्हती. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, तेवढ्यापुरतं पुण्याला खेळायला घेतलं होतं. बंदी संपली, आपला खेळ संपला. मित्र म्हणाले, दोन वर्षांच्या टीमसाठी काय रडतोस? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी वस्तू म्हणजे हिरवी टोपी, पुढचा भाग पिवळा. ओकलंड ॲथलेटिक्स, सगळे ‘एज’ म्हणतात. ही बेसबॉलची टीम 1901 पासून आहे आणि आजही खेळते. फक्त तिच्या नावात आता ओकलंड नाही. दुसरं कुठलं गावही नाही. नुसतं ‘ॲथलेटिक्स’.

मी 2022 च्या सुरुवातीला नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो. ऑफिसातले बहुतेक जण खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे. त्यांचं स्टेडियम देखणं आणि तिकीट महाग. ओकलंडचं कोलिसियम म्हणजे काँक्रीटचा मोठा वाडगा, पण बार्ट ट्रेनमधून उतरलं की पुलावरून थेट गेटवर, आणि तिकीट एका जेवणापेक्षा स्वस्त. मी स्वस्ताईपायी गेलो आणि अडकलो. टीम नेमकी त्याच मार्चमध्ये मोडली होती. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट हे तिघे महागडे खेळाडू एका पाठोपाठ एक दुसऱ्या टीम्सना देऊन टाकले होते. त्या वर्षी आम्ही 102 मॅच हरलो, पुढच्या वर्षी 112.

इथे क्रिकेटवाल्यांना एक सांगायला हवं. बेसबॉलचा सीझन 162 मॅचेसचा असतो. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज मॅच. त्यामुळे जिंकणं-हरणं हे हवामानासारखं होतं. रडारड करायला वेळच नसतो, उद्या संध्याकाळी पुन्हा खेळ असतो. ही सवय लागली की ती सुटत नाही.

माझ्या पुढच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई बसायच्या. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायचो. मांडीवर वही, हातात पेन्सिल, प्रत्येक बॉलची नोंद. बॅटर स्ट्राइकआउट झाला की ‘के’; बॅट न हलवताच झाला तर उलटा ‘के’. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, मला ती वही बघताक्षणी आवडली. पहिली मॅच त्यांनी वडिलांबरोबर 1968 मध्ये पाहिली, म्हणजे टीम ओकलंडला आली त्याच वर्षी.

‘आली’ हा शब्द मी तेव्हा सहज ऐकून घेतला. कुठून आली, हे नंतर शोधलं.

टीमच्या बोधचिन्हात हत्ती आहे, त्याची गोष्ट 1902 ची. टीम तेव्हा फिलाडेल्फियात होती. न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी हिणवलं की ही टीम म्हणजे मालकांच्या गळ्यातला पांढरा हत्ती आहे. फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक यांनी तोच हत्ती चिन्ह म्हणून मिरवायला घेतला. मॅक त्या पदावर 50 वर्षं होते, सूट-टाय घालून. टीममध्ये त्यांची मालकीही होती, म्हणून त्यांना काढणार कोण? त्यांनी 1910, 1911 आणि 1913 ला वर्ल्ड सिरीज जिंकली. 1914 ला फायनल हरले, पगार वाढत चालले होते, म्हणून त्यांनी टीम मोडली. एका वर्षात 99 विजयांवरून 43 वर. पुन्हा बांधली, 1929 आणि 1930 ला जिंकले. मग मंदी आली, पुन्हा मोडली. फिलाडेल्फियातल्या एखाद्या माणसाने आयुष्यभर फक्त हेच पाहिलं असेल: मुलं मोठी होतात, चांगली निघतात आणि विकली जातात.

1955 ला टीम कॅन्सस सिटीला गेली. तिथे 13 सीझन, आणि त्यातल्या एकाही सीझनमध्ये जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा जास्त नाहीत. नवे मालक अर्नोल्ड जॉन्सन यांचे यांकीजशी जुने व्यवहार होते, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम त्यांनी विकत घेतलं होतं. कॅन्ससमध्ये चांगला खेळाडू तयार झाला की तो यांकीजकडे. रॉजर मॅरिस असाच 1959 च्या डिसेंबरमध्ये गेला आणि 1961 ला त्याने 61 होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. टीव्हीवर ते बघताना कॅन्सस सिटीतल्या माणसाला काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

मग चार्ली फिनली नावाच्या विमा व्यावसायिकाने टीम घेतली आणि 1968 ला ओकलंडला नेली. मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन इतके भडकले, की हिरोशिमानंतरचं सगळ्यात नशीबवान शहर म्हणजे ओकलंड, असं ते म्हणाले. एवढं बोलून ते थांबले नाहीत. बेसबॉलला अमेरिकेत एक विचित्र सवलत आहे: 1922 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. किती टीम्स असाव्यात, त्या कुठे असाव्यात, हे मालकांचं मंडळ ठरवतं. गावाला दुसरी टीम सहज काढता येत नाही. सिमिंग्टननी ही सवलतच काढून घेण्याची धमकी दिली, आणि 1969 ला कॅन्सस सिटीला रॉयल्स ही नवी टीम मिळाली. सिनेटरचा राग कामी आला. ओकलंडला असा कोणी भेटला नाही, पण त्याकडे नंतर येतो.

आजींचं बालपण उजळलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला दिवा उचलून आणून, हे मला असं आकडेवारी चाळताना कळलं. एकदा मी त्यांना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, मी तेरा वर्षांची होते, मला काय माहीत कॅन्सस कुठे आहे?

फिनलीच्या काळात टीमने 1972, 1973, 1974 अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. मिशा वाढवणाऱ्या खेळाडूला त्याने 300 डॉलर बोनस दिला होता. आणि मग खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळाला, तसं फिनलीने 1976 ला तीन स्टार एकदम विकायला काढले. कमिशनरने तो सौदा रद्द केला. टीम तरी विस्कटलीच. 1979 ला 108 पराभव, आणि 17 एप्रिलच्या मॅचला प्रेक्षक फक्त 653. त्या दिवशी मी स्टेडियममध्ये होतो असं सांगणारे आज हजारभर तरी भेटतात. आजी म्हणतात, मी नव्हते, घरी बाळ आजारी होतं.

सगळं वाईटच होतं असं नाही. पुढचे मालक हास कुटुंब, लीवाय जीन्सवाले, त्यांच्याविषयी ओकलंडमध्ये अजून प्रेमाने बोलतात. वानखेडेवर आपण जी मेक्सिकन वेव्ह करतो, ती 15 ऑक्टोबर 1981 ला कोलिसियममध्ये सुरू झाली असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात (सिॲटलच्या विद्यापीठाचाही दावा आहे, पण ओकलंडमध्ये तो विषय काढू नये).

आणि 1989. वर्ल्ड सिरीजमध्ये समोर खाडीपलीकडचे जायंट्स. ओकलंड 2-0 ने पुढे. 17 ऑक्टोबरला संध्याकाळी 5 वाजून 4 मिनिटांनी, तिसरी मॅच सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होणार, एवढ्यात भूकंप झाला. 63 माणसं गेली, त्यातली 42 एकट्या ओकलंडच्या सायप्रस या दुमजली हायवेखाली. दोन्ही गावांच्या टीम्स खेळत होत्या, लोक लवकर घरी पोचून टीव्हीसमोर बसले होते, नाहीतर त्या रस्त्यावर कितीतरी जास्त गाड्या असत्या, असं तेव्हापासून म्हटलं जातं. दहा दिवसांनी खेळ पुन्हा सुरू झाला आणि ओकलंडने उरलेल्या दोन्ही मॅच जिंकल्या. ते आमचं शेवटचं विजेतेपद. आजींचा त्या पानांवरचा हात नेहमीपेक्षा बारीक आहे. त्या दिवसांत ओरडायला लाज वाटत होती, म्हणाल्या.

2002 तुम्हाला माहीत असेल, ब्रॅड पिटच्या ‘मनीबॉल’मुळे. सलग 20 विजय. विसाव्या मॅचला 11-0 ने पुढे, मग 11-11, मग स्कॉट हॅटेबर्गचा होम रन. समोर कोण, तर कॅन्सस सिटी रॉयल्स! आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हा सिनेमा पाठ असतो: डेटा वापरून गरीब टीमने श्रीमंतांना हरवलं. मीही तो चार वेळा पाहिलाय. पण आता वाटतं, त्या गोष्टीने एक नुकसान केलं. टीमचा पगारखर्च यांकीजच्या एक तृतीयांश होता, ही तक्रार करण्याची बाब होती. सिनेमाने तिचं कौतुक केलं. कमी पैशात भागवणं ही हुशारी ठरली, आणि एकदा हुशारी ठरल्यावर पैसे मागणार कोण? शिवाय त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून हरलो.

एप्रिल 2023 मध्ये टीम लास वेगासला जाणार हे जाहीर झालं. मालकांचं म्हणणं, प्रेक्षकच येत नाहीत. खेळाडू विकायचे, तिकिटं वाढवायची, स्टेडियम सडू द्यायचं आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवायचं. यावर फॅन्सनी उलटा बहिष्कार काढला: 13 जूनला सगळ्यांनी यायचं. मीही गेलो. 27,759 लोक, बहुतेकांच्या अंगावर ‘विका’ लिहिलेले हिरवे टी-शर्ट. आम्ही टॅम्पा बेला 2-1 ने हरवलं, सलग सातवा विजय. आजी वहीत लिहीतच नव्हत्या, उभ्या होत्या. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलर सरकारी पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये 30 च्या 30 मालकांनी स्थलांतराला मत दिलं.

26 सप्टेंबर 2024, गुरुवार, शेवटची मॅच. मी रजा टाकली. 46,889 लोक. पहिला बॉल टाकायला ओकलंडमध्ये वाढलेले रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट. 1406 बेस चोरणारा रिकी, चालताना थोडा थकलेला वाटला. डिसेंबरमध्ये तो गेला. टेक्सासविरुद्ध 3-2 ने जिंकलो. मॅनेजर मार्क कॉत्से माइकवर आले आणि शेवटची ‘लेट्स गो ओकलंड’ त्यांनी म्हणवून घेतली. मैदानाचे कर्मचारी लोकांना माती देत होते. आजींनी शेवटची ओळ लिहिली, वही बंद केली, पेन्सिल माझ्या हातात दिली. सॅक्रामेंटोला जाणार का, त्यांनी विचारलं. वेगासचं स्टेडियम तयार होईपर्यंत टीम तिथे, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, चौदा हजारांच्या छोट्या मैदानात खेळणार होती. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मीपण नाही.

त्या रात्री मी फोनमधलं ॲप काढून टाकलं. दहा महिने पाळलं.

25 जुलै 2025 ला एका मित्राने क्लिप पाठवली. ह्यूस्टनमध्ये निक कर्ट्झ नावाच्या 22 वर्षांच्या नव्या पोराने एका मॅचमध्ये चार होम रन मारले होते. पदार्पणाच्या सीझनमध्ये हे आजवर कुणीच केलं नव्हतं. सहा वेळा बॅटिंग, सहा हिट. मी किचनमध्ये उभा राहून ओरडलो, इतक्या जोरात की रूममेट बाहेर आला. मग फार ओशाळल्यासारखं झालं. कपाटातल्या टोपीवर ओकलंड लिहिलेलं नाही, फक्त ‘ए’ आहे, हे तेव्हा लक्षात आलं. पोरगा चांगला निघाला होता. आता त्याला कधी विकणार, हाही विचार लगेच आलाच.

आजींना मेसेज करावा की नाही, यात अर्धा तास गेला. शेवटी नुसतं विचारलं, पाहिलंत का?

उत्तर म्हणून एका नव्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो आला. कर्ट्झच्या ओळीतले सहाच्या सहा चौकोन भरलेले होते, पेनने.