श्वानांतील डिस्टेंपर आणि प्रतिकारशक्तीच्या संशोधनाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात प्रतिकारशक्तीची कथा बहुधा माणसापासून सुरू होते आणि माणसापाशीच संपते. जेनरची देवीची लस, पाश्चरची पिसाळ रोगावरील लस, पोलिओवरील विजय हे तिचे ठरलेले टप्पे होत. या कथेत पशुवैद्यकाला दुय्यम स्थान मिळते. मानवी वैद्यकाने शोधावे व पशुवैद्यकाने ते उचलून जनावरांवर वापरावे, असा एक समज त्यामागे दिसतो. हा समज किती अपुरा आहे, हे कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या रोगावरील लस शोधताना पदोपदी अपयश आले. अशा प्रत्येक अपयशाचे कारण शोधण्याच्या प्रयत्नातून श्वानांच्या प्रतिकारसंस्थेविषयीचे, आणि पुढे त्यांच्या जनुकांच्या कार्याविषयीचे, ज्ञान आकाराला आले. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

रोगाची ओळख

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जुना शत्रू आहे. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, खोकला व हगवण ही त्याची सुरुवातीची लक्षणे असतात. त्यातून वाचलेल्या कित्येक कुत्र्यांना पुढे झटके येतात, पाय लुळे पडतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग युरोपात सर्वत्र पसरला होता. देवीच्या लशीमुळे कीर्ती पावलेल्या एडवर्ड जेनरने 1809 मध्ये या रोगावर एक निबंध प्रसिद्ध केला. कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेल्या हाउंड कुत्र्यांचे कळप त्याच्या निरीक्षणाखाली होते. गाईच्या देवीची लस कुत्र्यांना दिल्यास डिस्टेंपरही टळेल, अशी आशा त्या काळी काहींना वाटत होती. परंतु ती फोल ठरली.

पुढील शंभर वर्षांत रोगकारणाविषयी मोठा घोळ झाला. 1905 मध्ये हेन्री कार्रे या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले की, रोगी कुत्र्याचा स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्यातील रोगकारक शक्ती टिकून राहते. रोगाचे मूळ विषाणूत आहे, असा याचा अर्थ होता. तथापि कार्रेचे म्हणणे लगेच मान्य झाले नाही. 1910 च्या सुमारास इतर काही संशोधकांना आजारी कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जिवाणू वारंवार आढळला आणि तोच रोगाचे कारण मानला गेला. त्या जिवाणूपासून केलेल्या लशी बाजारात आल्या, विकल्या गेल्या. त्या टोचलेली कुत्री मात्र मरतच राहिली. वस्तुतः हा जिवाणू दुर्बळ झालेल्या शरीरात मागाहून शिरणारा उपरा होता. विषाणूने कुत्र्याची प्रतिकारशक्ती आधीच खच्ची केल्यामुळे त्याला वाव मिळत होता. जी गोष्ट संशोधकांची दिशाभूल करत होती, तीच या रोगाचे मर्म होती. हे उलगडायला आणखी अनेक दशके जावी लागली.

मिल हिल येथील प्रयोग

1920 च्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील ‘द फील्ड’ या शिकार व ग्रामीण जीवनाला वाहिलेल्या नियतकालिकाच्या पुढाकाराने डिस्टेंपरच्या संशोधनासाठी निधी उभारण्यात आला. शिकारीचे शौकीन, जमीनदार व श्वानप्रेमी यांनी त्यास हातभार लावला. प्रत्यक्ष संशोधन मेडिकल रिसर्च कौन्सिल या सरकारी संस्थेच्या उत्तर लंडनमधील मिल हिल येथील प्रक्षेत्रावर झाले. मानवी आरोग्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने कुत्र्यांचा रोग हाती का घ्यावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याची दोन कारणे दिसतात. एक कारण शास्त्रीय होते. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर विषाणूंचा अभ्यास निकडीचा झाला होता व डिस्टेंपर हे त्याचे सोयीचे प्रतिरूप वाटत होते. दुसरे कारण राजकीय होते आणि ते अधिक उद्बोधक आहे. जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना ब्रिटनमध्ये तीव्र विरोध होता. कुत्र्यांना अशा प्रयोगांतून पूर्णतः वगळावे, अशी विधेयके संसदेत पुनःपुन्हा येत होती आणि 1919 मध्ये असे एक विधेयक अखेर फेटाळले गेले होते. कुत्र्यांवरील प्रयोगांतून कुत्र्यांचेच प्राण वाचले, तर विरोधकांच्या युक्तिवादाची धार बोथट होणार होती. थोडक्यात, कुत्रा हा येथे रुग्ण होता, प्रयोगाचे साधन होता आणि प्रयोगांच्या बाजूचा साक्षीदारही होता. मिल हिलमध्ये जी कुत्री रोग देऊन मारली गेली, त्यांच्या बाजूने या साक्षीकडे पाहिले असता तिचे मोल ठरवणे सोपे नाही.

हे काम पॅट्रिक लेडलॉ हा वैद्य व जॉर्ज डंकिन हा पशुवैद्य या दोघांकडे होते. त्यांच्यापुढील पहिली अडचण अगदी साधी, पण मूलभूत होती. बाहेरून आणलेल्या कुत्र्याला हा रोग पूर्वी होऊन गेला आहे की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. होऊन गेलेले कुत्रे रोगप्रतिबंधक असते, त्यामुळे त्याच्यावरील प्रयोगाला अर्थ उरत नसे. म्हणून जन्मापासून रोगाचा वाराही न लागलेली कुत्री वाढवणे भाग पडले. कुंपणाने वेढलेल्या विलग आवारात श्वानपैदास सुरू झाली. आत जाणाऱ्या सेवकांना स्नान करून कपडे बदलावे लागत. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी प्रथम ती मुळीच नसलेला प्राणी हवा, हा धडा पुढील सर्व संशोधनाला पायाभूत ठरला.

दुसरी युक्ती फेरेटची. मुंगुसासारखा दिसणारा हा छोटा प्राणी इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी पाळला जाई आणि त्याला डिस्टेंपर होतो, हे पाळणाऱ्यांना ठाऊक होते. लेडलॉ व डंकिन यांनी 1926 मध्ये फेरेटमधील रोगाचे वर्णन प्रसिद्ध करून कार्रेचा विषाणूसिद्धान्त निर्विवाद सिद्ध केला. 1928 मध्ये त्यांनी लसीकरणाची पद्धत मांडली. रोगी प्राण्याच्या प्लीहेसारख्या अवयवांतील विषाणू फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून त्याची लस प्रथम टोचायची, नंतर काही दिवसांनी जिवंत विषाणू द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. मिल हिलमधील कुत्र्यांत तिला चांगले यश मिळाले आणि लवकरच तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. बाहेरच्या जगात मात्र तक्रारी येऊ लागल्या. कुठे लस घेऊनही रोग होई, कुठे जिवंत विषाणूनेच कुत्रे आजारी पडे. विलग आवारातील पिल्लू आणि गावातील पिल्लू ही प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकसारखी नव्हती. हे त्या वेळी कुणी नीट ओळखले नव्हते.

याच फेरेटमुळे 1933 मध्ये मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व लेडलॉ यांनी रुग्णाच्या घशातील द्रव फेरेटच्या नाकात सोडून तो रोग निर्माण केला. इतिहासाच्या पुस्तकांत हा शोध ठळकपणे येतो. त्याची वाट कुत्र्यांच्या रोगातून गेली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लेडलॉला 1935 मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. पशुवैद्य डंकिनचे नाव आज तज्ज्ञांच्या बाहेर फारसे कुणास ठाऊक नाही.

आईच्या प्रतिपिंडांचे कोडे

जिवंत पण सौम्य केलेला विषाणू वापरणे हा पुढचा टप्पा होता. 1939 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ग्रीन याने फेरेटमधून वारंवार नेऊन सौम्य केलेला विषाणू पुढे आणला, तर 1940 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपूर्ट येथे हेग याने तो कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवला. लस सुधारली, तरीही काही पिल्ले लस टोचूनही रोगाला बळी पडत. दोष लशीचा, की टोचणाऱ्याचा?

या प्रश्नाचे उत्तर 1950 च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मिळाले. दोष यांपैकी कुणाचाच नव्हता. कुत्रीच्या पिल्लाला गर्भात असताना आईकडून फार थोडी प्रतिपिंडे मिळतात. बहुतांश प्रतिपिंडे जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत चिकाच्या दुधातून येतात. ही प्रतिपिंडे रोगाचा विषाणू जशी निष्प्रभ करतात, तसाच लशीतील विषाणूही निष्प्रभ करतात. त्यांचे प्रमाण सुमारे साडेआठ दिवसांत निम्मे होते, असे जेम्स बेकर, जे. एच. गिलेस्पी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजणीत आढळले. त्यामुळे आईच्या रक्तातील प्रमाण माहीत असेल तर पिल्लू लशीस केव्हा दाद देईल, याचा हिशेब मांडता येऊ लागला. आईने दिलेले संरक्षण लशीच्या आड येते, ही गोष्ट वाचताना सहज वाटते. पण ती कळेपर्यंत कित्येक पशुवैद्यांनी मालकांचे बोल ऐकून घेतले असतील. पिल्लांना आज ठरावीक अंतराने तीन-चार वेळा लस टोचतात, त्यामागे हेच गणित आहे.

याच काळात गोवर, गुरांतील बुळकांडी व डिस्टेंपर यांचे विषाणू एकाच कुळातील असल्याचे स्पष्ट झाले. त्याचा एक व्यावहारिक उपयोग असा झाला की, आईच्या प्रतिपिंडांना चुकवण्यासाठी लहान पिल्लांना चक्क मानवी गोवराची लस देण्यात येऊ लागली.

जनुकांकडे

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रश्नाचे स्वरूप बदलले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बॅसेट हाउंड जातीच्या काही पिल्लांचा अभ्यास सुरू होता. ही पिल्ले जन्मतःच प्रतिकारशक्तीहीन होती. इतर पिल्लांना सहज पचणारी डिस्टेंपरची सौम्य जिवंत लस त्यांच्यासाठी प्राणघातक ठरे. लशीतील विषाणूनेच त्यांना रोग होई. 1994 मध्ये या दोषाचे मूळ एक्स गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाडात सापडले. मुलग्यांतील तशाच जीवघेण्या विकाराचे जनुक आदल्याच वर्षी ओळखले गेले होते. पिल्लांतील जनुकही तेच होते. ‘सौम्य लस’ हा शब्दप्रयोग घेणाऱ्याच्या जनुकांवर अवलंबून आहे, हे यातून ध्यानात येते.

निरोगी कुत्र्यातही हा विषाणू प्रतिकारशक्ती कशी खच्ची करतो, या जुन्या प्रश्नाला 2000 नंतर उत्तर मिळाले. जपानमधील युसुके यानागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये गोवराचा आणि 2001 मध्ये डिस्टेंपर व बुळकांडीच्या विषाणूंचा पेशीत शिरण्याचा दरवाजा दाखवून दिला. ‘स्लॅम’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन आहे. शरीरातील प्रत्येक पेशीत त्याचे जनुक असते. पण ते कार्यरत होते मुख्यतः प्रतिकारसंस्थेच्या पेशींत, आणि तेही त्या पेशी लढ्यासाठी सज्ज झाल्यावर. जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात ती हीच. शत्रूची चाहूल लागताच पहारेकरी उठतो आणि त्याच्या उठण्यानेच शत्रूला दार सापडते, असा हा विलक्षण प्रकार आहे. 2004 मध्ये वेरोनिका फॉन मेसलिंग व सहकाऱ्यांनी हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडलेला विषाणू वापरून, तो प्रथम लसीकापेशींत कसा पसरतो हे प्रत्यक्ष दाखवले. त्यासाठी वापरलेला प्राणी पुन्हा फेरेटच होता.

श्वानाचा संपूर्ण जीनोम 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा तो होता आणि त्यात सुमारे 2.4 अब्ज आधारजोड्या होत्या. तोपर्यंत श्वानांच्या प्रतिकारसंस्थेच्या अभ्यासकांना बरेचदा माणूस व उंदीर यांच्यासाठी बनवलेल्या साधनांवर भागवावे लागे. आता एकाच वेळी हजारो जनुकांची अभिव्यक्ती मोजता येऊ लागली. जर्मनीतील हॅनोव्हर येथील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये डिस्टेंपरने मृत झालेल्या कुत्र्यांच्या मेंदूतील अशा मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जातंतूंवरील आवरणाचा ऱ्हास दोन टप्प्यांत होतो, असे त्यांनी सुचवले. आरंभीची हानी विषाणूमुळे होते व नंतरच्या हानीत खुद्द प्रतिकारसंस्थेचा हात असतो. जेनरच्या काळापासून श्वानपालकांनी पाहिलेले झटके आणि लुळेपणा यांची ही पेशीपातळीवरील उकल होय. अशीच आवरणहानी होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मानवी विकाराचे अभ्यासकही या संशोधनाकडे लक्ष ठेवून असतात.

कुत्र्यापलीकडे

हा रोग कुत्र्यांपुरता उरलेला नाही. 1994 मध्ये टांझानियातील सेरेंगेटी परिसरात डिस्टेंपरने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, दगावले. सप्टेंबर 2018 मध्ये गुजरातमधील गीर अरण्यात सिंह मरू लागले, तेव्हा नमुने तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे आले. मानवी विषाणूंच्या अभ्यासासाठी 1952 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने सिंहांतील रोग डिस्टेंपर असल्याचे निश्चित केले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या शोधनिबंधानुसार 68 सिंह व 6 बिबट्यांच्या नमुन्यांत हा विषाणू आढळला. सिंहांना टोचण्यासाठी लस अमेरिकेतून मागवण्यात आली. वन्य प्राण्यांना कोणती लस द्यावी, हा प्रश्न त्या वेळी सोपा नव्हता. कारण कुत्र्यासाठी निर्धोक ठरलेली जिवंत लस दुसऱ्या प्राण्याला घातक ठरू शकते, याचा अनुभव 1970 च्या दशकात अमेरिकेत आला होता. दुर्मिळ अशा काळ्या पायांच्या फेरेटना जपण्यासाठी ती टोचली गेली आणि त्यांतील बहुतेक त्या लशीनेच मेले.