अंगणवाडी : एका शैक्षणिक कल्पनेचे भाषांतर

भाषांतराचा विचार आपण बहुधा ग्रंथांपुरताच करतो. परंतु शिक्षणविषयक कल्पनाही भाषा ओलांडताना रूप पालटतात. मारिया माँटेसरी यांची पद्धती मराठीत रुजली ती मुख्यतः गुजरातीच्या वाटेने. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. अद्भुतकथांविषयी माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र कथाकथनाला बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. हा पहिला पाठभेद.

दुसरा अधिक मूलगामी होता. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी सुरू केलेले कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवर महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे व पाने यांनी घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुराख्यांसाठी ती कुरणावर भरली.

याकडे केवळ दारिद्र्याशी केलेली तडजोड म्हणून पाहणे अपुरे ठरेल. घडीव साधनाचा उपयोग आधीच ठरलेला असतो. खड्याचा उपयोग मुलाला स्वतःच शोधावा लागतो. तेच खडे मोजले की गणित, मांडले की नक्षी. निरीक्षण आणि कल्पना, विज्ञान आणि कला यांच्यातील भिंत तेथे उरत नाही.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला; चंदीगडच्या हिंदी-पंजाबी व्यवहारातही तो रूढ आहे. शब्दाचा प्रवास सफल झाला. त्यातील सर्जनदृष्टी मात्र वाटेत कोठे गळली, हा तौलनिक अभ्यासाचाच प्रश्न होय.