जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रे

१९९२ साली माझ्या मामूंच्या रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला. त्यावर शेवटी लिहिले होते, ‘पीएच पॉझिटिव्ह’. मी नुकताच बी.ए. झालेलो, त्यामुळे घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याच हातात यायचा. “बेटा, काय लिहिलंय?” मामूंनी विचारले. मला पीएच म्हणजे शाळेतले आम्ल आणि अल्कली आठवले. डॉक्टरांनी सांगितले, रक्ताचा कर्करोग, हळूहळू वाढणारा. चार वर्षांनी मामू गेले.

पीएच म्हणजे फिलाडेल्फिया, हे मला फार उशिरा कळले. १९६० साली त्या शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रोगाच्या पेशींत एक खुजे गुणसूत्र दिसले. त्याचा तुकडा गळून पडला असावा, असे मानले गेले. पण तो गेला कुठे?

उत्तर सापडले शिकागोत, एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर. बाईंचे नाव जॅनेट राउली. जन्म १९२५चा. शिकागो विद्यापीठात वैद्यकीसाठी ६५ जागा, त्यांत मुलींना फक्त तीन. त्या तीन भरल्या म्हणून हुशार असूनही तिला नऊ महिने ताटकळावे लागले. १९४८ साली पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी लग्न केले. पुढे चार मुलगे झाले. बरीच वर्षे राउलीबाई आठवड्यातून मोजके दिवसच काम करीत. अर्धवेळ काम करणाऱ्या बाईकडून जगाची अपेक्षा ती काय असणार!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या मुक्कामात त्या गुणसूत्रे रंगवण्याची नवी रीत शिकल्या. या रंगाने गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, हिमरू शालीच्या वेलबुट्टीसारखी ओळखू येणारी. परत आल्यावर बाई सूक्ष्मदर्शकातून फोटो काढीत, घरी कात्रीने एकेक गुणसूत्र कापीत आणि टेबलावर जोड्या लावीत. आई पगार घेऊन कागदी बाहुल्यांशी खेळते, अशी मुले थट्टा करीत.

१९७२ साली त्या जोड्या जुळवताना बाईंच्या लक्षात आले, की बावीस क्रमांकाचे गुणसूत्र खुजे आहे खरे, पण नववे गुणसूत्र तेवढेच लांब झाले आहे. म्हणजे तुकडा हरवलेला नव्हताच, तो दुसऱ्याला जाऊन चिकटला होता. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आले. गुणसूत्रांतली अदलाबदल हे कर्करोगाचे कारण नसून परिणाम असावा, असे तेव्हा अनेक जाणकारांचे मत होते. ते मत बदलायला वेळ लागला. बाई मात्र टेबलावर फोटो पसरीत राहिल्या. लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगातली चौदा आणि अठराची अदलाबदल पुढे आणण्यातही त्यांचा हात होता. त्या वाटेने एक असे जनुक सापडले, जे पेशीला वेळेवर मरूच देत नाही. त्याच्या प्रथिनाला अडवणारे औषध २०१६ साली मंजूर झाले, तेही आधी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी.

मामूंच्या आजाराकडे वळतो. नऊ आणि बावीस जुळल्याने पेशीत एक बिघडलेले विकर तयार होते. नळ उघडा राहावा तसे ते पेशींना सतत वाढायला सांगत राहते. तो नळ बंद करणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ साली रुग्णांवर तिची चाचणी सुरू केली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. जिथे चार-सहा वर्षे हाती असत, तिथे आता रोज गोळी घेणारे अनेक जण जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतात.

पण गोळी परवडायला हवी. तेव्हा मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जात असे, तर भारतात तयार होणारी तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळत असे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने कंपनीच्या पेटंटला विरोध केला. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने ते नाकारले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल दिला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राउलीबाई गेल्या. ऐंशी ओलांडल्यावरही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात.

मामूंचा तो रिपोर्ट मामींच्या ट्रंकेत अजून आहे. मागच्या ईदला मी मामींना बसवून त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “गोळी कधी निघाली म्हणालास?” मी साल सांगितले. त्या बोटांवर मोजू लागल्या.