उंच आहात आणि पायलट व्हायचंय? आधी बसल्यावरची उंची मोजा

पेण-रोहा एसटीत गुडघे पुढच्या सीटला टेकतात का? मग हे वाचाच. आता नवी मुंबई विमानतळ आपल्याच रायगडमध्ये सुरू झालाय, पण मोठं जेट उडवण्याआधी ट्रेनिंग होतं ते सेसना 152, सेसना 172 किंवा डायमंड डीए40 अशा छोट्या विमानांवर. 152 मध्ये सीट दोनच आणि केबिनची रुंदी जेमतेम एक मीटर.

एकूण उंची पुरेशी नाही

दोन मित्र, दोघेही 6 फूट. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. पहिल्याचे गुडघे अडतील, दुसऱ्याचं डोकं छताला लागेल. म्हणूनच भारतीय हवाई दल फ्लाइंग ब्रांचसाठी बसल्यावरची उंची (81.5 ते 96 सेंमी) आणि पायांची लांबी वेगवेगळी मोजतं.

अडचण कुठे येते?

- डोकं: हेडसेटची पट्टी डोक्यावरून जाते, म्हणजे आणखी जागा हवी. हवेत धक्के बसले की डोकं छतावर आपटतं.
- नजर: सेसनाचे पंख वर असतात. उंच माणसाचे डोळे पंखाच्या रेषेत येतात आणि बाजूचं बघायला वाकावं लागतं.
- गुडघे: योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पूर्ण फिरवताना मांडीला अडलं तर ते थेट धोक्याचं.

सीट सगळीकडे सारखी सरकत नाही. सेसनात सीट पुढे-मागे होते, 172 च्या नव्या मॉडेलमध्ये वर-खालीही. डीए40 मध्ये सीट फिक्स असते, पेडल सरकतात.

घरी असं मोजा

1. कडक स्टुलावर भिंतीला पाठ टेकून ताठ बसा.
2. डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा.
3. स्टुलाच्या पृष्ठभागापासून खुणेपर्यंत मोजा.

फी भरण्याआधी

बारामती, शिरपूर किंवा गोंदियाला फ्लाइंग स्कूल बघायला गेलात, तर त्यांच्या प्रत्येक प्रकारच्या विमानात स्वतः बसा. हेडसेट घाला, बेल्ट लावा, दोन्ही पेडल पूर्ण दाबा आणि योक सगळीकडे फिरवा. कुठे अडलं तर दुसऱ्या विमानावर ट्रेनिंग मिळेल का, ते तिथेच विचारा. फी लाखांत असते. एसटीत उभं राहून जाता येतं, कॉकपिटमध्ये नाही!