आर भाषेत दोन संख्या ‘जवळपास सारख्या’ आहेत का, हे कसं तपासायचं?

आर सुरू करा, ०.१ + ०.२ == ०.३ असं लिहा आणि एंटर दाबा. उत्तर येतं ‘फॉल्स’! संगणकाचं गणित कच्चं आहे का? नाही. चूक आपल्या प्रश्नात आहे.

मी कसा फसलो?

० ते १ पर्यंत ०.१ च्या टप्प्याने औषधाच्या मात्रांची यादी मी ‘सेक’ फंक्शनने तयार केली. मग सीएसव्ही फाइलमधल्या नोंदी == वापरून मात्रेप्रमाणे वेगळ्या काढल्या. ०.३, ०.६ आणि ०.७ या मात्रांना एकही नोंद मिळाली नाही. एरर नाही, वॉर्निंगही नाही. मी अहवालात ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ असं लिहून मोकळा झालो. मूळ फाइल उघडली तेव्हा कळलं, नोंदी होत्या!

असं का होतं?

१/३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३… चालूच राहतं. तसंच ०.१ बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही. आर दशांश संख्या ६४ बिटमध्ये साठवते आणि तिचे ५३ बायनरी अंकच अचूक राहतात. त्यामुळे ३ × ०.१ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. स्क्रीनवर मात्र आर साधारण ७ अंकच दाखवते, म्हणून आपल्याला ०.३ दिसतं.

मग काय वापरायचं? (नावं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

१. ऑल.इक्वल: दोन संख्यांमधला सापेक्ष फरक साधारण ०.०००००००१५ पेक्षा कमी असेल तर ‘ट्रू’ देतं. पण फरक जास्त असेल तर ‘फॉल्स’ न देता फरक सांगणारं वाक्य देतं. त्यामुळे ‘इफ’मध्ये थेट टाकलं तर एरर येते. नेहमी इजट्रू(ऑल.इक्वल(क, ख)) असं लिहा.

२. नियर: हे डीप्लायर पॅकेजमध्ये आहे. प्रत्येक ओळीसाठी वेगळं उत्तर देतं, म्हणून फिल्टर करताना हेच सोयीचं. माझं काम यानेच झालं.

दोन्हींत फरक काय?

दहा लाख रुपये आणि दहा लाख रुपये एक पैसा यांची तुलना करा. ऑल.इक्वल म्हणतं ‘सारखे’, कारण एवढ्या मोठ्या रकमेपुढे एक पैसा नगण्य. नियर थेट वजाबाकी बघतं, म्हणून ‘वेगळे’ म्हणतं.

आता उलट बघा. ०.००००००००१ आणि त्याच्या दुप्पट संख्या घ्या. दोन्ही फंक्शन्स ‘सारख्या’ म्हणतात! संख्या फारच लहान असली की ऑल.इक्वलसुद्धा थेट वजाबाकीवर येतं. अतिसूक्ष्म प्रमाणं मोजणाऱ्यांनी इथे सांभाळा: एकक बदलून संख्या मोठ्या करा, किंवा टॉलरन्स स्वतः द्या.

लक्षात ठेवा

- मोजणी पूर्णांकात असेल तर == बिनधास्त वापरा. पैशांचा हिशेब शक्यतो पैशांतच ठेवा.
- दशांश आले की == टाळा.
- टॉलरन्स किती हे आर ठरवू शकत नाही. तुमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजत असेल, तर त्याहून बारीक फरकाला अर्थ नाही.

आणि फिल्टरमधून शून्य ओळी आल्या, तर ‘माहिती नाही’ असं लिहिण्याआधी एकदा मूळ फाइल उघडून बघा.